बर्फावरचा गोली आणि भैरोबाची काठी

पिंपळदऱ्यात वीरधवल शेडगे नेमकं काय करतो हे धड सांगणारा माणूस सापडणं कठीण. फौजेत आहे, एवढं सगळ्यांना ठाऊक. त्यात नवल नव्हतं, कारण साताऱ्याच्या पूर्वेकडच्या या गावात दर दोन घरांआड एक फौजी. एक सुट्टीवर येतो तेव्हा दुसरा बिस्तरा बांधत असतो. पण वीरधवल फौजेत खेळतो, तेही हॉकी, तेही बर्फावर, इथवर सांगणारा आला की ऐकणारा तंबाखू मळायचं थांबवून त्याच्या तोंडाकडं बघायचा. लग्नाचं बघायला आलेल्या एका पाहुण्यानं तर सरळ विचारलं होतं की खेळून झाल्यावर बंदूक चालवायला वेळ मिळतो का. त्या स्थळाचं पुढं काही झालं नाही.

तो प्रश्न त्याच्या वडिलांना, सुभेदार नाथाजी शेडग्यांना, फार लागला. नाथाजी स्वतः उत्तरेच्या बर्फात हिवाळे काढून आलेले. उजव्या पायाची दोन बोटं तिथंच सोडून आलेले. त्यांच्या लेखी बर्फ ही मरायची जागा होती, खेळायची नव्हे. तरी त्यांनी मुलाला खेळू नको असं कधी म्हटलं नाही आणि कसा खेळतोस असंही कधी विचारलं नाही. शेडग्यांच्या घरात बापलेकाचं बोलणं एवढंच: ऊस गेला का, मोटर जळली का, गाडी किती वाजता. याहून जड काही असेल तर ते वीरधवलची थोरली बहीण क्रांती इकडून तिकडं पोचवायची. आई मनुबाई होती तोवर हे काम तिचं. ती गेल्यावर सांगलीला दिलेल्या क्रांतीच्या फोनवर हे सगळं टपाल येऊन पडलं.

वीरधवल गोलीत उभा राहिला तो अपघातानंच. पलटणीत तो साध्या हॉकीचा गोली, म्हणजे गोलरक्षक होता, मातीवरचा. पलटण लेहला गेली. तिथं हिवाळ्यात तळी गोठली की त्यावर खेळ चालायचा, आणि खेळणारी सगळी लडाखी पोरं, जन्मल्यापासून बर्फावर चालल्यासारखी. त्यांचा गोली ऐन स्पर्धेत तापानं आडवा झाला तेव्हा कुणीतरी म्हणालं, तो मराठा गोलीत उभा राहतो ना, त्याला बोलवा. वीरधवलला स्केट बांधून दोघांनी बखोटीला धरून गोलच्या चौकटीत नेऊन उभं केलं. तिथून हलायचं नाही, एवढंच त्याला सांगितलं होतं, आणि हलायचं म्हटलं असतं तरी त्याला हलता येत नव्हतं. त्या दिवशी त्याच्या अंगावर इतके फटके बसले की आठवडाभर त्याला कुशीवर झोपता आलं नाही. पण संघ जिंकला, आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपण ज्याच्यासाठी जन्मलो ते हे आहे.

बर्फावरचा गोली म्हणजे काय, ते इथं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. चेंडूच्या जागी तिथं काळी, कडक रबराची चकती असते. ती बंदुकीतून सुटल्यासारखी येते आणि गोलीनं अंग चोरायचं नसतं. उलट अंग मधे घालायचं असतं. चकती खालून आली की दोन्ही गुडघे धाडकन बर्फावर टेकायचे, पोटऱ्या दोन्ही बाजूंना फाकवायच्या आणि खालची वाट बंद करायची. लगेच उठायचं. पुन्हा टेकायचे. एका सामन्यात असं किती वेळा होतं याला गणती नाही. बाकीचे खेळाडू पायांवर खेळतात, गोली गुडघ्यांवर खेळतो.

पहिल्या हिवाळ्यात त्याचा डावा अंगठा मोडला. तो बरा झाला, जरासा वाकडा राहिला. मग एकदा चकती मुखवट्याच्या खालून गळ्यावर बसली आणि आवाजच गेला. घरी फोन आला की तो नुसता खाकरायचा आणि क्रांती रडायची. तोही आवाज परत आला, किंचित घोगरा होऊन. जांघेचे स्नायू तर दर वर्षी ओढले जायचे. दर वेळी तो लहान पोरासारखा नव्यानं चालायला शिकायचा आणि पुन्हा चौकटीत जाऊन उभा राहायचा. लागणं आणि भरून येणं हाच त्याचा धंदा होऊन बसला होता. भारताच्या संघात राखीव गोली म्हणून तो दोनदा परदेशी गेला आणि दोन्ही वेळा बाकावर बसून परत आला. देशाचा सदरा अंगात होता, पण त्या सदऱ्यानं कधी बर्फ बघितला नाही. रात्रंदिवस त्याच्या मनात एकच होतं: एकदा, फक्त एकदा, तो सदरा घालून चौकटीत उभं राहायचं.

आणि ती वेळ आली. पहिल्या क्रमांकाचा गोली येता हिवाळा खेळून वयानं बाजूला होणार होता. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तू राखीव नाहीस, असं प्रशिक्षकांनी त्याला सांगितलं होतं. त्याच पावसाळ्यात डेहराडूनच्या सरावात तो गुडघ्यांवर टेकलेला असताना समोरचा गडी तोल जाऊन सगळ्या वजनानिशी त्याच्या डाव्या पायावर येऊन आदळला. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. पुण्याला लष्करी दवाखान्यात ऑपरेशन झालं. मांडीच्या मागचा स्नायूबंध काढून गुडघ्यात दोर म्हणून ओवला, आणि काठी हातात देऊन त्याला सुट्टीवर सोडलं.

पिंपळदऱ्याला गुडघ्याची कसरत करून घेणारं कोण मिळणार? तिथं लचकलेल्या पायाला तेल चोळणारी हरणाबाई होती, पण क्रांतीनं तिचं नावही काढू दिलं नाही. ती भावाला सरळ सांगलीला, आपल्या घरी विश्रामबागेत घेऊन गेली. शेजारच्याच गल्लीत ब्राह्मी उपाध्ये नावाची फिजिओथेरपिस्ट होती. बारीक चणीची, चष्म्याची, अतिशय शिस्तीची बाई. तिचे वडील जिनपाल उपाध्ये हळदीचे व्यापारी, मार्केट यार्डात त्यांची पेढी. पैलवानांच्या मोडक्यातोडक्या खांद्यांपासून म्हाताऱ्यांच्या सांध्यांपर्यंत सगळी सांगली ब्राह्मीच्या हाताखालून जायची, पण बर्फावरचा गोली तिनंही पहिल्यांदाच बघितला. तिनं त्याला फोनवर सामने दाखवायला लावले, तो गुडघे कसे टेकतो हे पुन्हा पुन्हा बघितलं आणि म्हणाली की देवानं गुडघा या कामासाठी केलेलाच नाही, तरी बघू.

तो हिवाळा वीरधवलनं सांगलीत काढला. पहिल्यांदा गुडघा नुसता सरळ करायला शिकला. त्यात किती दुखतं हे ज्याचं त्यालाच कळतं. फौजी माणूस उशी तोंडात धरून रडला हे क्रांतीनं दाराआडून ऐकलं आणि पोहे करपवले. मग काठी सुटली. मग तो सकाळी आयर्विन पुलावरून चालत जाऊन यायला लागला, मग कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या चढउतर करायला लागला. बायका धुणं धुताना बघायच्या, हा कोण बाप्या विनाकारण वरखाली करतोय. सुट्टी संपल्यावर त्याला बेळगावला हलकी ड्यूटी मिळाली, तरी शनिवार आला की तो मिरजेवरून सांगलीला हजर. माघ सरला तेव्हा तो धावत होता. फाल्गुनात त्यानं ब्राह्मीच्या चटईवर पहिल्यांदा दोन्ही गुडघे टेकले, हळूच, देवापुढं टेकावेत तसे, आणि उठून उभा राहिला. क्रांतीनं त्या दिवशी शेजारीपाजारी पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारलं तर तिला सांगता येईना.

ब्राह्मीला मात्र धास्ती वाटायची ती याच दिवसांची. दुखत असतं तोवर माणूस जपतो. दुखायचं थांबलं की आपण बरे झालो असं त्याला वाटतं. तिनं वीरधवलला एकदा पेढीवर नेलं आणि वडिलांसमोरच्या ढिगातलं हळदीचं एक कांड त्याच्या हातात दिलं. बाहेरून खडखडीत वाळलेलं. मोडायला सांगितलं, तर ते मोडता मोडता वाकलं. आत ओल होती.

"तुमचा गुडघा आत्ता असा आहे," ती म्हणाली. "बाहेरून कुणालाही वाटेल वाळला. मे सरेपर्यंत वजन उचलून वळायचं नाही. धावा, बसा, उठा. पण वजन घेऊन वळायचं नाही."

मेअखेरीला तिनं परीक्षा घ्यायची, तो पास झाला की थेट सरावाच्या छावणीत, असं प्रशिक्षकांशी बोलणं झालं होतं. क्रांतीनं हे सगळं फोन करून आबांच्या, म्हणजे नाथाजींच्या, कानावर घातलं. नाथाजी "बरं" म्हणाले. नाथाजींचं "बरं" म्हणजे त्यांना कळलं की नाही कळलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

चैत्रात पिंपळदऱ्याच्या भैरोबाची यात्रा. ज्या गावाला मोठं देऊळ नसतं त्या गावाला मोठी यात्रा असते, तसं इथलं आहे. यात्रेचा जीव म्हणजे देवाची काठी. चांगला दोन मजले उंच बांबू, त्याला रंगीत कापडं गुंडाळलेली, वर मोरचेल आणि निशाण. चारी बाजूंनी दोर धरून माणसं तोल सांभाळतात, पण सगळा भार पेलायचा तो मधल्या एका गड्यानं, पोटाशी बांधलेल्या पट्ट्यात काठीचा बुडखा घेऊन. असा भार घेऊन हलगीच्या तालावर देवळाभोवती फिरायचं. पहिल्या फेरीचा मान शेडग्यांच्या थोरल्या घराचा. नाथाजींच्या आज्याच्या आज्यापासून चालत आलेला. घरात पेलणारा नसला तर मान दुसऱ्या घराला जातो आणि एकदा गेलेला मान परत येत नाही, असं वीरधवल लहानपणापासून ऐकत आलेला.

वीरधवल फौजेत गेल्यापासून यात्रेला एकदाही गावात नव्हता. इतकी वर्षं काठी नाथाजीच उचलत आले होते. आता त्यांची सत्तरी जवळ आली होती आणि कंबर वर्षभर धरलेली होती. वीरधवल यात्रेच्या आदल्या दिवशी सांगलीहून क्रांतीबरोबर आला. रात्री बापलेक शेजारी शेजारी जेवले. नाथाजींनी विचारलं, गाडीला गर्दी होती का. वीरधवल म्हणाला, होती. काठीचा विषय कुणीच काढला नाही. वीरधवलनं काढला नाही, कारण आपण उचलू शकत नाही हे बापाला तोंडानं सांगायची त्याला लाज वाटली. नाथाजींनी का काढला नाही, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढं माणसाला पाय ठेवायला जागा नव्हती. हलगी कडाडत होती. गुलालानं आभाळ लाल झालं होतं. वीरधवल दीपमाळेपाशी, गर्दीच्या कडेला उभा होता. गुडघ्याला धक्का नको म्हणून क्रांतीनं त्याला तिथंच उभं राहायला बजावलं होतं. गुरवानं नाव पुकारलं. नाथाजी पुढं झाले. पांढरा फेटा, छातीवर जुनी पदकं, वाकलेली कंबर. त्यांनी काठीच्या पाया पडून कपाळ टेकवलं आणि दोन्ही हातांनी बांबूला कवळा घातला. त्यांची कंबर आणखीच वाकलेली वीरधवलला तिथून दिसली.

मग काय झालं ते त्याला पुढं कधी नीट सांगता आलं नाही. म्हातारा बाप काठीखाली कोसळणार, सगळ्या गावादेखत, आणि धडधाकट दिसणारा लेक कडेला उभा राहून बघणार, एवढं एकच चित्र त्याच्या डोळ्यांपुढं आलं. तो गर्दी कापत गेला. बापाच्या हातातून काठी घेतली. कुणीतरी पट्टा त्याच्या कमरेला बांधला, बुडखा पोटाशी आला आणि काठी उठली. "भैरोबाच्या नावानं चांगभलं" अशी जी आरोळी उठली ती शेजारच्या गावात ऐकू गेली म्हणतात. फौजेतला लेक आला आणि त्यानं बापाचा मान पेलला, याहून गोड दृश्य पिंपळदऱ्याला दुसरं कुठलं असणार? नाथाजींचे डोळे भरून आले होते. त्यांचं तोंड उघडलं होतं, जणू काही म्हणायचं होतं, पण हलगीत काय ऐकू येणार.

सरळ वाटेवर गुडघ्यानं काही कुरकुर केली नाही. वीरधवलला वाटलंसुद्धा, ब्राह्मीताई उगाच घाबरवतात. देवळाच्या मागच्या कोपऱ्यावर फरशीवर गुलाल आणि नारळाच्या पाण्याचा चिखल झाला होता. वारा आला. वरचं निशाण फडाडलं, काठी कलली, डावीकडच्या दोरावरची माणसं दचकली आणि त्यांनी दोर सैल सोडला. काठी माणसांच्या अंगावर येणार, तिथं पोरं होती, बायका होत्या. वीरधवलनं डावा पाय रोवला आणि सगळ्या अंगानिशी वळून काठी सावरली.

आवाज बाहेर कुणाला आला नाही. त्याला आतून आला. ओळखीचा आवाज होता, डेहराडूनला ऐकलेला. वेदना नंतर आली. आधी कळलं की गेलं. देशाचा सदरा, ती चौकट, तो एकदाचा बर्फ, सगळं त्या कोपऱ्यावर गेलं. काठी खाली ठेवता आली असती. त्यानं ठेवली नाही. उरलेली फेरी त्यानं डावा पाय ओढत पुरी केली, आणि लोकांना वाटलं पोरगं तालावर नाचतंय. काहीजणांनी शिट्ट्या मारल्या.

देवळापुढं काठी उतरवून घेतली तेव्हा नाथाजींनी त्याच्या कपाळाला गुलाल लावला आणि म्हणाले, "मान राखलास." एवढे दोन शब्द. वीरधवलनं आयुष्यभर वाट बघितलेले शब्द, आणि ते ऐकताना त्याला उभं राहवत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत गुडघा टरबुजाएवढा झाला. क्रांतीनं बघितलं आणि खाली बसलीच. तुला कुणी सांगितलं होतं, असं ती परत परत विचारत राहिली. आबा उचलत होते, एवढंच तो म्हणाला. मग क्रांतीचा सगळा राग बापाकडं वळला. ज्या माणसाला फोन करून सगळं सांगितलं होतं, त्यानंच काठीला हात घालावा? पोराच्या जिवापेक्षा मान मोठा झाला? ती नाथाजींना तोंडावर काही म्हणाली नाही, पण त्या दिवसापासून फोनवर त्यांच्याशी कामापुरतं बोलायला लागली. नाथाजींनीही खुलासा केला नाही.

सांगलीला ब्राह्मीनं त्याची पोटरी दोन्ही हातांत धरून हळूच पुढं ओढली. मग ती चष्मा काढून पुसत बसली. मिरजेला फोटो काढले, पुण्याच्या सर्जननी बघितले. ओवलेला दोर तुटला होता आणि या खेपेला गुडघ्यातली गादीही फाटली होती. पुन्हा शिवता येईल, ते म्हणाले. चालाल, जिने चढाल, जपून धावालसुद्धा. गोलीत मात्र नाही. फौजेनं त्याची मेडिकल कॅटेगरी खाली आणली आणि त्याला स्टोअरमध्ये बसवलं, जिथं तो ब्लँकेटं आणि बूट देऊ घेऊ लागला. दुसरं ऑपरेशन झालं, पुन्हा काठी आली, पुन्हा उशी तोंडात आली. भरून येण्यात तो आता पटाईत झाला होता. पण आधीच्या खेपांना पलीकडं काहीतरी उभं असायचं, त्याच्याकडं बघत तो गुडघा वाकवायचा. या खेपेला पलीकडं कुणी उभं नव्हतं. ब्राह्मी म्हणायची वाकवा, म्हणून तो वाकवायचा.

त्याच्या जागी रिग्झिन नावाचं लडाखी पोरगं आलं. वीरधवलनंच त्याला शिकवलं होतं. चकती येताना डोळे मिटायची त्याची खोड वीरधवलनं मोडली होती. स्पर्धेला जाण्याआधी रिग्झिननं फोन केला, भैया तुम्हारी जगह है, मैं सिर्फ खड़ा हो रहा हूँ, म्हणाला. पोरगं गुणी. वीरधवलनं त्याला अंगठा कसा वाचवायचा ते पुन्हा एकदा समजावून सांगितलं आणि फोन ठेवून बराच वेळ स्टोअरच्या मागं जाऊन बसला.

भारताचा सामना होता त्या दिवशी वीरधवल सुट्टीवर घरी होता. जानेवारीचे दिवस, घरामागच्या गुरांच्या वाडग्यात कोवळं ऊन पडलेलं. मळ्यात ऊसतोड चालली होती, ट्रॅक्टर भरत होता. नाथाजी मळ्यात फेरी मारून आले तेव्हा पोरगं जनावरांच्या गोठ्याशेजारी बाजेवर पाय लांब करून फोनमध्ये बघत बसलेलं. ते पुढं गेले, मग थांबले, परत आले आणि बाजेच्या कडेला टेकले. हे त्या घरात आजवर झालं नव्हतं.

"ह्योच का त्यो ख्येळ?" त्यांनी विचारलं.

वीरधवलनं फोन मधे धरला. पांढऱ्या बर्फावर माणसं पाखरांसारखी सटासट फिरत होती. नाथाजींना चकती दिसेना. मग वीरधवलनं बोट ठेवून दाखवलं, तेव्हा त्यांना चौकटीतला तो जाडजूड पोशाखातला गडी दिसला. समोरून फटका आला आणि त्या गड्यानं छाती मधे घातली. पुन्हा आला, तो गुडघ्यांवर कोसळला आणि पायांनी अडवला. उठला. पुन्हा कोसळला. नाथाजी पुढं वाकून बघायला लागले.

"ह्यातली तुजी जागा कुटली?"

"तीच."

नाथाजींनी फेटा काढून मांडीवर ठेवला. टक्कल घामेजलं होतं, थंडीचे दिवस असून. उत्तरेच्या बर्फात उभं राहिलेल्या त्या माणसाला आता कळलं होतं की हे पोरगं तिथं खेळायला जात नव्हतं, तेही राखणीलाच उभं राहत होतं. हे आपल्याला कुणी सांगितलं नाही असं त्यांच्या मनात आलं, आणि लगेच हेही आलं की आपण विचारलं कुठं होतं. मग त्यांनी ते सांगितलं, जे वर्ष होत आलं तरी क्रांतीच्या अबोल्यापुढंही सांगितलं नव्हतं.

"म्या काठी उचलणार न्हवतो रं," ते म्हणाले. "आमृतशी बोललो हुतो आदल्या दिवशी. क्रांतीनं गुडग्याचं सांगितलं हुतं न्हवं? म्हणून. मानकऱ्यानं हात लावायचा आन् आपल्या हातानं भावकीतल्याला द्यायची. मान कुटं जात न्हाई. आमृत तितंच, माज्या मागं उबा हुता."

अमृत म्हणजे चुलत्याचा धाकटा, दांडगा गडी. वीरधवलला तो आठवला. त्याला पट्टा बांधणारे हात अमृतचेच होते. पट्टा अमृतच्या हातात का होता, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"मला सांगितलं का न्हाईसा, आबा?"

"काय सांगू? तुला जमत न्हाई म्हणून दुसऱ्याला सांगितलंय, आसं? बाईट वाटलं आसतं तुला." नाथाजींनी मांडीवरचा फेटा उचलून पुन्हा ठेवला. "आन् तू आलास. काठी घेतलीस. तवा मी ठिव म्हणाया पायजे हुतं. तोंडात आलं हुतं. पर गाव वरडाया लागलं, आन् मला... लय बरं वाटलं रं. गप बसलो. माजंच चुकलं."

वीरधवलला राग यायला हवा होता. तो आत कुठं सापडतो का म्हणून त्यानं शोधला. बापाला वाचवायला म्हणून तो धावला होता, आणि बाप त्याला वाचवायची तजवीज करून उभा होता, दोघांच्या मधे हातभर अंतर होतं आणि तेवढ्या अंतरात एक शब्द गेला नव्हता. आदल्या रात्री जेवताना एक शब्द. गाडीला गर्दी होती का, याच्याऐवजी दुसरा कुठलाही. त्याला रडू आलं, आणि त्यानं ते लपवलं नाही, कारण लपवून लपवूनच इथवर आलो हे आता त्याला पुरतं कळलं होतं.

फोनमध्ये गलका झाला. समोरचा गडी एकटाच चकती घेऊन सुटला होता आणि रिग्झिन चौकटीतून पुढं सरकत होता.

"आता ह्यो काय करंल?" नाथाजींनी विचारलं.

वीरधवलनं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. गोली आधी पुढं का येतो, चकतीवर डोळा ठेवून मागं कसा सरकतो, गुडघे टेकायची घाई का करायची नाही, हे तो सांगायला लागला. सांगता सांगता त्याचे हात आपोआप वर आले, वाकड्या अंगठ्याचा डावा हात पंजा उघडून, उजवा हात छातीपुढं. नाथाजी आता सामना बघत नव्हते. बाजेवर बसल्या जागी आपला पोरगा कसा उभा राहायचा, ते बघत होते, आणि मधेमधे विचारत होते, मग? मग काय करायचं?